नदी वर, शेत खाली: इंग्लंडच्या फेन्समधल्या सपाट पायवाटांमागचा इतिहास

ईली स्टेशनवर उतरलं की थोडं चालून ग्रेट ऊझ नदीचा काठ लागतो. तिथून उत्तरेला जा नाहीतर दक्षिणेला. दिवसभरात चढ लागेल तो फक्त बांधावर चढण्याचा, पाचपंचवीस पावलांचा. गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही झेपेल अशी ही वाट. पण काही वेळ चाललं की एक गोष्ट खटकू लागते. एका हाताला नदी आहे, दुसऱ्या हाताला शेतं आहेत आणि शेतं नदीच्या पाण्याहूनही खाली आहेत. नदी वर आणि रान खाली, हे उलटं गणित कसं झालं, त्याचाच हा इतिहास आहे.

पूर्व इंग्लंडमध्ये केंब्रिजशर, लिंकनशर आणि नॉर्फक या परगण्यांत पसरलेल्या सुमारे 3,900 चौरस किलोमीटरच्या सखल पट्ट्याला फेन्स म्हणतात. समुद्राकडच्या भागात गाळाची जमीन, आतल्या भागात पीट, म्हणजे पाण्याखाली पुरता न कुजता साचत गेलेल्या लव्हाळ्या-बोरूंचा काळाभोर थर. मधूनमधून चिकणमातीचे उंचवटे, आणि त्या उंचवट्यांवर गावं. ईली हे त्यांतलंच एक, तेही जेमतेम 26 मीटर उंच. जुन्या काळी ते खरोखरचं बेट होतं. 1071 साली हेरवर्ड या इंग्रज बंडखोराने फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांविरुद्ध इथेच ठाण मांडलं, ते चहूबाजूंच्या दलदलीच्या भरवशावर. 'ईल' म्हणजे वामीसारखा, सापासारखा लांब मासा. त्यावरून गावाचं नाव पडलं, असं आठव्या शतकातल्या बीड या भिक्षूने लिहून ठेवलं आहे. इथल्या मठांना काही देणी या माशांच्या मोजणीने चुकती होत.

म्हणजे तेव्हाची दलदल ओसाड नव्हती. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गुरं चरत, हिवाळ्यात मासे आणि रानबदकं मिळत, छपरांना लव्हाळा, चुलीला पीट. अंगात मुरलेला हिवताप आणि त्यावर अफूच्या बोंडांचा काढा, हेही त्या जगण्यातच आलं. तो काढा एकोणिसाव्या शतकापर्यंत घरोघरी चाले.

या जगण्यावर पहिला मोठा घाव पडला 1630 नंतर. बेडफर्डच्या चौथ्या अर्लने, म्हणजे तिथल्या उमरावाने, तेरा भांडवलदार जमवले आणि दलदल उपसून शेतजमीन करण्याचा करार केला. मोबदला ठरला 95,000 एकर जमीन. स्वतःचा पैसा धोक्यात घालणारे म्हणून यांना 'ॲडव्हेंचरर' म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे. काम डच अभियंता कॉर्नेलियस व्हरमायडन याच्याकडे गेलं. त्याची कल्पना सोपी होती: नागमोडी ऊझ सपाट रानात रेंगाळते, तिला नाकासमोर समुद्राकडे धाडायचं. एरिथपासून डेन्व्हरच्या दिशेने 34 किलोमीटरचा सरळसोट कालवा 1637 मध्ये पुरा झाला, तो ओल्ड बेडफर्ड. पुढे 1650 च्या सुमारास त्याला समांतर दुसरा खणला. या दोहोंमधली पट्टी मुद्दाम मोकळी ठेवली, पूर आला की पाण्याने तिथे पसरावं म्हणून. आजही हिवाळ्यात ती भरते, रशियाकडून हंस येतात आणि काही वाटा महिनामहिना पाण्याखाली असतात. इथे चालायला जाणाऱ्याने महिना बघून जावं, ते यासाठी.

1651 मध्ये डेन्व्हरला नदीवर दरवाजे बसवले. भरतीचं पाणी आत येऊ नये आणि ओहोटीला नदीचं बाहेर पडावं, ही त्यांची कामगिरी. ज्याने गोव्यातलं खाजण आणि त्याच्या बांधातलं मानस, म्हणजे पाण्याचा दरवाजा, पाहिलं आहे त्याला हे वेगळं समजवायला नको. तत्त्व तेच, आकार अवाढव्य. 1713 मध्ये हे दरवाजे पाण्याने फोडले आणि पुन्हा बांधायला 1750 उजाडलं.

खणायला माणसं कुठून आली? 1650 च्या डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश कैदी या कामाला जुंपले होते, नंतर डच युद्धकैदीही. स्थानिक लोकांनी खणणं तर सोडाच, रात्री जाऊन बांध फोडले. चराई आणि मासेमारीचे हक्क गेलेल्या या माणसांना 'फेन टायगर' हे नाव चिकटलं. पुढे इंग्लंडचा सत्ताधीश झालेला ऑलिव्हर क्रॉमवेल 1636 पासून काही वर्षं ईलीतच राहत होता, आणि त्याने सुरुवातीला या लोकांची बाजू घेतली. सत्ता हातात आल्यावर त्याच्याच राजवटीत हा उपसा तडीला गेला. असे नेते आपल्याला अपरिचित नाहीत.

आता त्या उलट्या गणिताकडे येऊ. पीट म्हणजे ओला स्पंज. पाणी काढलं की तो आक्रसतो, हवा लागली की उरलेलाही कुजून झिजतो, वाळलेली माती वाऱ्यावर उडून जाते. नद्या गाळाच्या पात्रात आपल्या पातळीवर राहिल्या आणि शेतं वर्षावर्षाला खाली बसत गेली. मग शेतातलं पाणी आपणहून नदीत जाईना. ते वर उचलायला आधी पवनचक्क्या आल्या, एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिनं, पुढे डिझेल. स्ट्रेटमचं 1831 चं वाफेचं इंजिन आणि त्याचं पाणी उचलणारं प्रचंड चाक नदीकाठीच जपून ठेवलं आहे. जमीन किती खचली याचा पुरावा होम गावाजवळ उभा आहे. 1851 मध्ये शेजारचं व्हिटलसी सरोवर उपसलं, त्या सुमारास पीटमध्ये एक लोखंडी खांब पुरला. त्याचं टोक तेव्हा जमिनीबरोबर होतं. आज तो सुमारे 4 मीटर बाहेर आला आहे. खांब जागेवर आहे, जमीन गेली. समुद्रसपाटीच्या पावणेतीन मीटर खाली असलेली ही ब्रिटनमधली सर्वांत सखल जागा मानतात. जमीन खचली तसे बांध वाढवावे लागले, आणि आज पायवाट चालते ती याच बांधांच्या माथ्यावरून.

पण बांधावर वाट पडली ती फिरणाऱ्यांसाठी नव्हे. ती पडली घोड्यांच्या टापांनी. रेल्वे येण्याआधी कोळसा, धान्य, लाकूड, पीट सगळं पाण्यावरून जाई. चपट्या तळाचे पाच पडाव साखळीने एकामागे एक बांधायचे आणि काठावरून एका घोड्याने ती माळ ओढायची. या वाटेला तिकडे 'हेलिंग वे' म्हणत. शेतकऱ्यांची कुंपणं थेट पाण्यापर्यंत आलेली, त्यामुळे दोर गळ्यात असतानाच घोड्याने ती उडी मारून ओलांडायची. वाट या काठाची त्या काठावर गेली की पडावांच्या मागे बांधलेल्या होडीत घोड्याला उभं करून पलीकडे न्यायचं. केंब्रिजमध्ये तर कॉलेजांना आपल्या हिरवळीजवळ घोडे नकोच होते. मग काय, नदीच्या पात्रातच खडीचा रस्ता केला आणि घोडे पाण्यातून चालत पडाव ओढत. डार्विन तिथे शिकत असताना बोरू वाहून आणणाऱ्या याच पडावांच्या तळाचा केरकचरा एका मजुराकडून गोळा करवून घेई, त्यात दुर्मीळ भुंगेरे सापडत म्हणून.

1845 मध्ये रेल्वे ईलीला पोचली आणि पडावांचा धंदा हळूहळू बसला. घोडे गेले, वाट राहिली. पुढची गोष्ट कायद्याची. 1932 च्या कायद्याने ठरवलं की लोक एखाद्या वाटेने 20 वर्षं उघडपणे, विनाअडथळा जात असतील तर ती सार्वजनिक वाट समजावी. 1949 च्या कायद्याने परगण्यांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. डोंगराळ भागात चालण्याच्या हक्कासाठी लोकांनी तुरुंगवास भोगला. फेन्समध्ये तेवढा गाजावाजा झाला नाही. माझ्या मते कारण साधं आहे: इथे शिकारीची राखीव माळरानं नव्हती, आणि बांध शाबूत ठेवायचा तर त्याच्यावरून कोणीतरी फिरत राहणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. आज केंब्रिजहून किंग्ज लिनपर्यंत सुमारे 80 किलोमीटरची 'फेन रिव्हर्स वे' याच जुन्या वाटा जोडून केलेली आहे. केंब्रिज ते ईली हा टप्पा 27 किलोमीटर. जड वाटला तर मध्ये वॉटरबीचला गाडी मिळते. याच पट्ट्यात अपवेअरला एक खानावळ आहे, तिचं नावच 'कुठूनही पाच मैल, घाई नाही' अशा अर्थाचं.

सपाटपणाचा एक गमतीदार परिणामही सांगायला हवा. ओल्ड बेडफर्डचा दहा किलोमीटरचा सरळ तुकडा 1838 मध्ये निरखून सॅम्युअल रोबॉथम या गृहस्थाने पुढे जाहीर केलं की लांब गेलेली होडी दिसतच राहते, तेव्हा पृथ्वी सपाट आहे. 1870 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने 500 पौंडांची पैज घेऊन तिथेच निशाण्या उभारल्या आणि मधली निशाणी वर उचललेली दिसते हे दाखवून दिलं. पंचाने निकाल त्याच्या बाजूने दिला, पण हरलेल्या जॉन हॅम्डनने पुढे अनेक वर्षं त्याला शिव्याशाप आणि कज्जेखटल्यांनी बेजार केलं.

उपसण्यातून सुटलेला तुकडा पाहायचा तर विकन फेनला जावं. ज्या 1899 साली रँग्लर परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले (पहिला क्रमांक विभागून होता), त्याच वर्षी तिथून काही मैलांवर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने या दलदलीतली दोन एकर जागा 10 पौंडांना घेतली. दलदल मुद्दाम विकत घेऊन ती दलदलच ठेवायची, हे तेव्हा खुळचटपणाचं वाटलं असणार. आज तिथे लाकडी फळ्यांची वाट आहे, चाकाच्या खुर्चीनेही जाता येतं. लव्हाळ्याची कापणी मात्र 1414 पासूनच्या नोंदींत आहे आणि ती अजून चालते, कारण न कापलेलं रान झुडपांनी भरून जातं.

शेजारचा भाग म्हणजे ॲडव्हेंचरर्स फेन. नाव त्याच भांडवलदारांचं. दुसऱ्या महायुद्धात अन्नासाठी तो पुन्हा उपसून नांगरला गेला. तिथली एक लहान लाकडी पवनचक्की 1956 मध्ये उचलून विकन फेनमध्ये आणून बसवली. आजूबाजूची शेतं एवढी खाली गेली आहेत की न उपसलेली ही दलदल आता त्यांच्या वर, उंचवट्यासारखी राहिली आहे आणि तिच्यातलं पाणी झिरपून खाली जातं. त्यामुळे जी चक्की रानातलं पाणी बाहेर फेकायला बांधली होती, ती आता वारा असेल तेव्हा पाणी आत चढवते.