नवा गडी, जुनंच गणित

२३ फेब्रुवारी २०१७ रोजी लेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबने आपला मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, क्लॉडिओ रानिएरीला नारळ दिला. नऊच महिन्यांपूर्वी या माणसाने क्लबला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. त्या विजेतेपदावर हंगामाच्या सुरुवातीला सट्टेवाले एकास पाच हजार असा भाव देत होते. हकालपट्टीच्या दिवशी संघ २० पैकी १७व्या जागेवर होता, खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून एका गुणाच्या अंतरावर. सूत्रं सहायक क्रेग शेक्सपिअरकडे आली आणि लेस्टरने लीगचे पुढचे पाचही सामने जिंकले. मॅनेजर बदलला आणि संघ जागा झाला, हा निष्कर्ष इतका सहज निघतो की त्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातच येत नाही.

शंका घेण्यासाठी तीन संघ शेजारी ठेवू. रानिएरीच्या शेवटच्या हंगामात लेस्टरचे २५ सामन्यांत २१ गुण होते, म्हणजे सामन्यामागे ०.८४. उरलेल्या १३ सामन्यांत त्यांनी २३ गुण मिळवले, सामन्यामागे १.७७. इंग्लंडच्याच चेल्सीने २०१४-१५चं विजेतेपद मिळवून देणाऱ्या होजे मोरिन्योला १७ डिसेंबर २०१५ रोजी काढलं, तेव्हा १६ सामन्यांत १५ गुण होते (०.९४). पुढच्या २२ सामन्यांत ३५ गुण आले (१.५९). तिसरा संघ बोरुसिया डॉर्टमुंड. २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन जर्मन विजेतेपदं जिंकून देणाऱ्या युर्गन क्लॉपचा हा संघ २०१४-१५च्या पहिल्या १७ सामन्यांत १५ गुणांवर अडकला होता (०.८८) आणि १८ संघांत १७वा होता. दुसऱ्या टप्प्यातल्या १७ सामन्यांत त्यांनी ३१ गुण मिळवले, सामन्यामागे १.८२, आणि हंगाम सातव्या क्रमांकावर संपवला.

तिघांत सर्वांत मोठी उसळी डॉर्टमुंडची. आणि डॉर्टमुंडने मॅनेजर बदललाच नव्हता. हंगामाअखेर आपण क्लब सोडणार असं क्लॉपने स्वतः एप्रिलमध्ये जाहीर केलं, पण शेवटच्या सामन्यापर्यंत बाकावर तोच होता.

तीन उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही, पण त्यामागची यंत्रणा घरबसल्या तपासता येते. दहा चिठ्ठ्या घ्या. सहांवर ‘विजय’ लिहा, दोनांवर ‘बरोबरी’, दोनांवर ‘पराभव’. डोळे मिटून एक काढा, निकाल टिपा, चिठ्ठी परत टाका, डबा हलवा, पुन्हा काढा. असं ३८ वेळा केलं की प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगचा, एक हंगाम झाला. विजयाचे ३, बरोबरीचा १ या हिशेबाने हा संघ सामन्यामागे सरासरी २ गुण मिळवतो, म्हणजे हंगामात ७६. हा दमदार संघ आहे. आता कुठल्याही लागोपाठच्या पाच सामन्यांत ४ किंवा त्याहून कमी गुण मिळण्याची शक्यता काढा. ती येते ३.४ टक्के. फारच कमी वाटते ना? पण ३८ सामन्यांत लागोपाठच्या पाच-पाच सामन्यांचे ३४ गट पडतात, तेव्हा दर हंगामात असा गट सरासरी एकाहून थोडा जास्त वेळा येतो. हे गट एकमेकांवर चढलेले असल्यामुळे ते झुंडीने येतात, दर हंगामात हजेरी लावत नाहीत. एकमेकांना न शिवणारे सात गट घेतले तरी शक्यता २१ टक्के निघते, आणि चढलेले गट धरले तर त्याहून जास्त. थोडक्यात, डब्यातली एकही चिठ्ठी न बदलता या संघावर सरासरी पाच हंगामांत किमान एकदा ‘संघ कोसळला’ असा मथळा छापून येण्याची वेळ येते.

त्या पडत्या काळानंतर काय होतं ते बघा. डब्यात अजून सहा विजयाच्याच चिठ्ठ्या आहेत. पुढच्या पाच सामन्यांत सरासरी १० गुण येणारच. पडत्या काळातल्या चौथ्या-पाचव्या सामन्यानंतर डबा धरणारा हात बदलला, तर त्या दहा गुणांचं श्रेय नव्या हाताला मिळेल.

याला सांख्यिकीत सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीची तुलना करताना ते मांडलं: फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरी पाहता त्यांच्याइतकी नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांना हेच इस्रायली हवाई दलात दिसलं. उत्तम कसरतीनंतर शाबासकी दिली की पुढची कसरत बिघडते आणि वाईट कसरतीनंतर झापलं की सुधारते, असा तिथल्या प्रशिक्षकांचा ठाम अनुभव होता. शाबासकी दिली नसती किंवा झापलं नसतं, तरी बहुतेक वेळा तसंच घडलं असतं. फुटबॉलमध्ये ‘महिन्याचा सर्वोत्तम मॅनेजर’ हा पुरस्कार शापित मानतात, कारण तो मिळाला की पुढच्या महिन्यात संघ हरतो. शाप-बिप काही नाही. पुरस्कार शिखरावर असणाऱ्याला देतात आणि शिखरावरून वाट खालीच जाते. दुखणं सर्वांत वाढलं असताना बांधलेला ताईत ‘लागू पडतो’, तोही याच कारणाने.

मग किती सामन्यांनंतर निकालांवर विश्वास ठेवायचा? इथे थोडं गणित लागेल, पण ते या लेखाचा गाभा आहे. आपल्या चिठ्ठ्यांच्या संघाच्या एका सामन्यातल्या गुणांचं प्रचरण, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरतात याचं माप, काढू: ९ गुणिले ०.६ अधिक १ गुणिले ०.२ म्हणजे ५.६, वजा सरासरीचा वर्ग ४, उरले १.६. हा नशिबाचा वाटा. आता संघासंघांतला खरा फरक. प्रीमियर लीगच्या अंतिम गुणतालिकेत संघांच्या गुणांचं प्रमाण विचलन (प्रचरणाचं वर्गमूळ) सामन्यामागे साधारण ०.४५ असतं. त्याच्या वर्गातून ३८ सामन्यांतला नशिबाचा वाटा, १.६ भागिले ३८, वजा केला की सुमारे ०.१६ उरतं. नशीब भागिले खरा फरक, १.६ भागिले ०.१६, उत्तर १०. या दहाचा उपयोग असा: तुम्ही ‘न’ सामने पाहिले असतील, तर निकालांवर न ÷ (न + १०) इतका विश्वास ठेवा आणि उरलेलं वजन लीगच्या सरासरीला द्या. पाच सामन्यांवर विश्वास एक तृतीयांश, दहांवर निम्मा, पूर्ण हंगामावर सुमारे चार पंचमांश.

हेच यशस्वी मॅनेजरला लावून पाहू. गेल्या हंगामात ३८ सामन्यांत ७६ गुण. लीगची सरासरी सामन्यामागे १.३७ धरली, तर संघाच्या ताकदीचा आपला अंदाज १.८७. या हंगामात दहा सामन्यांत फक्त १० गुण, म्हणजे आधीच्या निम्मे. सगळे ४८ सामने एकत्र केले तर सरासरी १.७९, आणि लीगच्या सरासरीकडे ओढून घेतल्यावर १.७२. दहा सामन्यांची धूळधाण झाली तरी अंदाज ०.१५ने उतरला, इतकंच. यात एक गृहीतक आहे: डब्यातल्या चिठ्ठ्या बदललेल्या नाहीत. प्रत्यक्षात खेळाडू विकले जातात, वय वाढतं, प्रतिस्पर्ध्यांना डावपेच कळतात. म्हणून ताज्या सामन्यांना थोडं जास्त वजन द्यावं लागतं. चेल्सीचंच बघा. विजेतेपदाच्या हंगामात सामन्यामागे २.२९, मोरिन्योच्या पडत्या काळात ०.९४, त्यानंतर १.५९. संघ परतला, पण अर्ध्याच वाटेपर्यंत. काहीतरी खरोखरच बिघडलं असावं.

लेस्टरच्या गोष्टीत सरासरी दोन्ही बाजूंनी ओढत होती. २०१४-१५मध्ये ४१ गुण, विजेतेपदाच्या वर्षी ८१, त्यानंतर ४४. मधल्या वर्षी संघ उत्तम होता आणि नशीबही भरभरून बरोबर होतं. शिवाय मधल्या फळीचा कणा असलेला एन्गोलो कान्टे चेल्सीला गेला आणि चेल्सी पुढच्याच वर्षी विजेती झाली. ८१ गुण ही आता आपली पातळी आहे असं मानून रानिएरीला मोजणं ही मूळ चूक होती. शेक्सपिअरच्या पहिल्या पाच विजयांनंतरच्या आठ सामन्यांत लेस्टरला आठच गुण मिळाले, आणि ऑक्टोबर २०१७मध्ये त्यालाही काढलं.

अभ्यासकांनी हे मोठ्या प्रमाणावर तपासलं आहे. बास तेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगमध्ये मॅनेजर काढलेल्या संघांची तुलना तशीच घसरण होऊनही मॅनेजर न काढलेल्या संघांशी केली. दोघेही सारखेच सावरले. यान फान ऊर्स आणि मार्टिन फान टाउल यांनी त्याच लीगच्या २०००-०१ ते २०१३-१४ या हंगामांसाठी सट्टेबाजारातले भाव वापरून प्रत्येक सामन्यातली अपेक्षा काढली. हकालपट्टीने कामगिरी सुधारल्याचं त्यांनाही आढळलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेआस हॉयर आणि सहकाऱ्यांनी बुंडेसलिगा या जर्मन लीगच्या कित्येक दशकांच्या आकडेवारीवर काम केलं आणि गुणांऐवजी गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) मोजला, कारण त्यात नशिबाची खळबळ कमी असते. निष्कर्ष तोच.

गोलफरकाहूनही उपयोगी मोजमाप आहे अपेक्षित गोलांचं. प्रत्येक फटक्याला गोलापासूनचं अंतर, कोन, डोक्याने की पायाने मारला वगैरे पाहून शून्य ते एकमधला आकडा देतात. पेनल्टीला सुमारे ०.७६ ते ०.७९, पेनल्टी क्षेत्राबाहेरच्या लांब फटक्याला दोन-तीन शतांश. सामन्यात एका संघाचे बारा-तेरा फटके असतात आणि साधारण दहात एक गोल होतो. त्यामुळे गोलांपेक्षा संधींचा हिशेब लवकर स्थिरावतो. डॉर्टमुंडचा तो हंगाम इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबचे तेव्हाचे विश्लेषक इयन ग्रॅहॅम यांनी याच पद्धतीने तपासला. संघ संधी भरपूर निर्माण करत होता, फटके आत जात नव्हते. ऑक्टोबर २०१५मध्ये क्लॉप लिव्हरपूलला आला, २०१९मध्ये चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली आणि २०२०मध्ये प्रीमियर लीग.

क्लबने हिशेब असा करावा. शेवटच्या १५ सामन्यांतल्या पेनल्टी वगळून आपल्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या अपेक्षित गोलांतला फरक काढा आणि गेल्या हंगामाशी ताडून पाहा. लाल कार्ड पडल्यानंतरची मिनिटं वगळा. स्कोअर बरोबरीत असतानाची मिनिटं वेगळी मोजा, कारण पिछाडीवरचा संघ नाइलाजाने फटके वाढवतो आणि आकडा खोटा फुगतो. प्रतिस्पर्धी किती बलवान होते, किती सामने घरच्या मैदानावर होते, हे जुळवून घ्या. फरक टिकून असेल आणि फक्त गोल आटले असतील, तर मॅनेजरला हात लावू नका. फरकच कोसळला असेल तर आधी दुखापतींची यादी पाहा. मुख्य खेळाडू तंदुरुस्त असूनही पंधरा सामने संधीच निर्माण होत नसतील, तर हकालपट्टीला खरा आधार आहे. ड्रेसिंग रूममधली भांडणं या आकड्यांत दिसत नाहीत. तिथे आतल्या माणसांचं मत घ्यावंच लागतं.

मॅनेजर बदलला तर त्याची किंमतही मोजावी लागते. मँचेस्टर युनायटेडने डिसेंबर २०१८मध्ये मोरिन्योला काढलं, तेव्हा त्याच्या आणि सहायकांच्या भरपाईपोटी १.९६ कोटी पौंड गेले. हंगामी मॅनेजर ओले गुन्नार सोल्शारने १९ पैकी १४ सामने जिंकले आणि मार्चअखेर क्लबने त्याला कायम केलं. पडत्या काळावरून काढण्यात जी चूक होते, तीच चढत्या काळावरून नेमण्यातही होते. लीगच्या शेवटच्या पाच सामन्यांत युनायटेडला एकही विजय मिळाला नाही. मोरिन्यो गेला तेव्हा संघ सहावा होता. हंगाम संपला तेव्हाही सहावाच.