'माले' म्हटलं आणि वर्ग हसला

गावची शाळा सातवीपर्यंत. पुढे एसटीचा पास काढून मी तालुक्याला जाऊ लागलो. पहिल्याच आठवड्यात सरांनी उभं केलं आणि तोंडातून निघून गेलं, 'माले येत नही, सर.' वर्ग खदखदून हसला. ते हसू मिनिटभरात विरलं; पण मधल्या सुट्टीत कळण्याची भाकर घेऊन बसायला कुणी सरकून जागा दिली नाही, ते वर्षभर पुरलं.

खान्देशात अहिराणी घरची आणि प्रमाण मराठी शाळेची, त्यामुळे हे अनेकांनी भोगलंय. घरचे म्हणतात, 'एवढंसं काय मनाला लावून घेतो?' पण ते एवढंसं नसतं.

मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी एक खेळ तयार केला. पडद्यावर तिघं चेंडू झेलतात, त्यातले एक तुम्ही. थोड्या वेळानं बाकीचे दोघं आपसातच चेंडू फेकू लागतात. खरं तर ते दोघं म्हणजे संगणकच! तरीही माणूस खट्टू होतो. 2003 मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एमआरआय यंत्रात झोपवून लोकांना हा खेळ दिला. वगळलं गेल्यावर मेंदूतला जो भाग जास्त सक्रिय झाला, तो शरीर दुखतं तेव्हाही कामाला लागतो. म्हणून दोन्ही दुखणी एकच, असं मात्र नाही. त्या भागाची कामं इतरही आहेत.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो 2010 चा लंडनमधला अभ्यास. तोच खेळ किशोरवयीन मुलींना आणि प्रौढ स्त्रियांना खेळायला दिला, तर वगळल्यावर मुलींचा मूड जास्त खालावला. या वयात सोबत्यांच्या नजरेला मेंदू फार हळवा झालेला असतो, आणि 'जाऊ दे' म्हणून सावरायला मदत करणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो.

सोमवारी सकाळी पोट दुखतं, झोप उडते, शाळेचं नाव नको वाटतं. दरवेळी ते ढोंग नसतं. आणि 'आपापले गट पाडा' म्हणणाऱ्या शिक्षकांनी शेवटी कोण उरतं, तेवढं बघावं.

एक जिवाभावाचा मित्र असला तरी छळाची धार बोथट होते, असं अभ्यासांत दिसलंय. मला तो नववीत, एसटीच्या मागच्या सीटवर भेटला. सरकून जागा देत त्यानं विचारलं, 'कोनता गावना शे रे तू?'