मासे आले की पांढरीच वाइन?

‘मांसाला लाल, माशाला पांढरी’ हे इतकं घोकून झालंय की कुणी उलटं केलं तर लोक दचकतात. पण गोम रंगात नाहीच.

माशासोबत लाल वाइन प्यायल्यावर कधीकधी तोंडात उग्र, हिवस चव रेंगाळते. जपानी संशोधकांनी स्कॅलप शिंपल्यांसोबत वेगवेगळ्या वाइन चाखून 2009 मध्ये दाखवलं, की याचं मुख्य कारण वाइनमधलं लोह. लोह जास्त तितका हिवसपणा जास्त. ते प्रमाण माती, द्राक्षांवरची धूळ, उपकरणं यांवरही ठरतं. म्हणजे कमी लोहाची लाल वाइन माशाला चालते, आणि पांढरीही कधी दगा देऊ शकते.

इटलीच्या सिसिली बेटावरची फ्राप्पातो ही लाल वाइन घ्या. फिकी, कमी तुरट, स्ट्रॉबेरीच्या वासाची. थोडी थंड करून भाजलेल्या ट्यूनासोबत छान जाते. तिथले बरेच उत्पादक ती सेंद्रिय पद्धतीने पिकवतात.

उलट उदाहरण जॉर्जिया देशाचं. र्कात्सितेली हे पांढरं द्राक्ष, पण जमिनीत पुरलेल्या क्वेव्री रांजणात सालींसकट कित्येक महिने मुरतं. रस सोनेरी-केशरी होतो, सालींचा तुरटपणा उतरतो. विस्तवावर भाजलेलं मटण किंवा अक्रोडाच्या वाटणातली वांगी, दोन्हींसमोर ही ‘पांढरी’ वाइन फिकी पडत नाही.