ड जीवनसत्त्व आणि क्षयरोग

हाडांच्या बळकटीसाठी ओळखले जाणारे ड जीवनसत्त्व रोगप्रतिकारक पेशींच्या कामातही भाग घेते. क्षयाचा जंतू पेशीच्या आत शिरल्यावर त्याला तिथेच मारण्याची एक यंत्रणा या जीवनसत्त्वावर चालते. नावाने जीवनसत्त्व असले तरी त्याचे वागणे हॉर्मोनचे आहे. उन्हातील अतिनील-ब किरणांमुळे ते त्वचेत तयार होते. यकृतात त्याचे २५-हायड्रॉक्सी रूप बनते. रक्ततपासणीत मोजतात ते हेच. मूत्रपिंडात त्यापासून कॅल्सिट्रिऑल हे क्रियाशील रूप तयार होते.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगासमोर आणला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून रुग्णांना कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजले जात होते. पुढे आरोग्यधामांत त्यांना मोकळ्या हवेत, उन्हात झोपवत. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या यशाचे श्रेय अनेकदा ड जीवनसत्त्वाला दिले जाते, ते मात्र बरोबर नाही. फिन्सेन यांच्या भिंगांतून अतिनील-ब किरण आरपार जातच नव्हते, असे नंतरच्या मोजमापांत दिसून आले. १९४० च्या दशकात त्वचेच्या क्षयावर ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा खरोखरच वापरल्या गेल्या. प्रभावी प्रतिजैविके आली आणि तो उपचार मागे पडला.

खरी नवलाची गोष्ट फुप्फुसातल्या महाभक्षी पेशीत घडते. श्वासाबरोबर आत आलेला जंतू ही पेशी गिळते, पण तो सहजासहजी पचत नाही. उलट तिच्यातच मुक्काम ठोकतो. जंतूच्या आवरणातील मेदप्रथिने पेशीच्या टोल-सदृश ग्राहींना (जंतू ओळखणाऱ्या प्रथिनांना) जाणवली की पेशी दोन गोष्टी वाढवते : ड जीवनसत्त्वाचा ग्राही (त्याला पकडून त्याचा संदेश पोहोचवणारे प्रथिन) आणि २५-हायड्रॉक्सी रूपाचे कॅल्सिट्रिऑल करणारे विकर (एन्झाइम). म्हणजे मूत्रपिंडावर अवलंबून न राहता ती आपले हॉर्मोन जागच्या जागी बनवते. त्यातून कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन तयार होते आणि पेशीची स्वभक्षणाची, म्हणजे आतला नको असलेला माल पचवण्याची, प्रक्रियाही वेग घेते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात हे स्पष्ट दिसले. ड जीवनसत्त्व कमी असलेल्या रक्तद्रवात ठेवलेल्या पेशींनी कॅथेलिसिडिन कमी बनवले. त्याच रक्तद्रवात २५-हायड्रॉक्सी रूप मिसळताच निर्मिती वाढली. कच्चा माल नसेल तर कारखाना अडतो, इतका हा हिशेब सरळ आहे. उंदरांत मात्र कॅथेलिसिडिन अशा प्रकारे ड जीवनसत्त्वाच्या ताब्यात नसते, म्हणून या बाबतीत उंदरांवरील प्रयोग माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कॅल्सिट्रिऑलची दुसरी बाजू आवर घालण्याची आहे. दाह अती झाला तर फुप्फुसाची ऊतीच नष्ट होते. हा दाह ते आटोक्यात ठेवते.

प्रयोगशाळेतील हे चित्र रुग्णांच्या चाचण्यांत तितक्या ठळकपणे उमटलेले नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवे. क्षयरुग्णांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळते खरे, पण आजारी माणूस उन्हात कमी जातो, कमी खातो, आणि उपचारातील रिफॅम्पिसिन हे औषधही त्याची पातळी घटवू शकते. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे वेगळे काढणे कठीण जाते. लंडनमधील २०११ च्या चाचणीत नेहमीच्या औषधांसोबत मोठ्या मात्रा देऊनही एकूण रुग्णांची थुंकी लक्षणीयरीत्या लवकर जंतुमुक्त झाली नाही. ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार असलेल्यांतच फक्त फरक दिसला. मंगोलियात सुमारे ८,८५० शाळकरी मुलांवर तीन वर्षे चाललेल्या चाचणीत दर आठवड्याला १४,००० एकक देऊनही क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून ड जीवनसत्त्व क्षयाच्या औषधांची जागा घेऊ शकत नाही. कमतरता असेल तर ती भरून काढावी, हाडांसाठीही ते गरजेचे आहे. मोठ्या मात्रा मनाने घेणे मात्र धोक्याचे ठरते. क्षयाच्या गाठींतील महाभक्षी पेशी आधीच कॅल्सिट्रिऑल बनवत असतात आणि ते रक्तात उतरल्यास कॅल्शियम वाढते. त्यात बाहेरून भर पडली तर मळमळ, अतितहान, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.