‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’च्या घरगुती आवृत्त्या

सर्जिओ लिओने यांचा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ हा वेस्टर्नपट डिसेंबर १९६६ मध्ये इटलीत आणि वर्षभराने, डिसेंबर १९६७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. चित्रगृहांतील त्याची कारकीर्द संपल्यानंतर गेली चार दशके तो कॅसेट, लेझरडिस्क, डीव्हीडी, ब्लू-रे आणि ४के (अतिशय बारीक तपशील दाखवणाऱ्या) डिस्क अशा रूपांत घरोघरी पुन्हापुन्हा विकत घेतला गेला आहे. कथानकाची पकड, एन्निओ मोरिकोने यांचे संगीत आणि क्लिंट ईस्टवुड, एली वॉलाक व ली व्हॅन क्लीफ हे तीन नट ही त्याची उघड कारणे आहेत. मात्र लांबी, रंग, चौकट आणि आवाज यांपैकी काही ना काही प्रत्येक आवृत्तीत निराळे असल्याने ‘खरा’ चित्रपट कोणता, हा प्रश्न रसिकांपुढे कायम उघडा राहिला, हे कारणही तितकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

कथा अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, १८६२ च्या सुमारास, न्यू मेक्सिकोच्या परिसरात घडते. कबरीत पुरलेल्या दोन लाख डॉलरच्या सोन्यामागे तिघे जण लागले आहेत. दफनभूमीचे नाव एकाला आणि कबरीवरचे नाव दुसऱ्याला ठाऊक असल्यामुळे कोणालाही कोणाला मारून टाकणे परवडत नाही. प्रत्यक्ष चित्रीकरण मुख्यतः स्पेनमध्ये, दक्षिणेकडील आल्मेरिया आणि उत्तरेकडील बुर्गोस या प्रांतांत झाले. शेवटच्या प्रसंगातील ‘सॅड हिल’ ही दफनभूमी बुर्गोस प्रांतात स्पॅनिश सैनिकांच्या मदतीने उभारण्यात आली होती आणि तिच्यात सुमारे पाच हजार खोट्या कबरी होत्या. चित्रपटात उडवला जाणारा पूलही सैन्यानेच बांधला होता. गैरसमजातून तो कॅमेरे सुरू होण्यापूर्वीच उडवला गेला आणि सैन्याने तो पुन्हा बांधून दिला.

घरच्या पडद्यावरील पहिली अडचण चौकटीची होती. लिओने आणि छायालेखक तोनिनो देल्ली कोल्ली यांनी ‘टेक्निस्कोप’ ही पद्धत वापरली. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एक चित्रचौकट फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांएवढी उंच असते, तर टेक्निस्कोपमध्ये ती दोनच छिद्रांची असते. त्यामुळे निम्म्या फिल्ममध्ये काम भागते, साधी भिंगे वापरता येतात आणि अगदी जवळचा चेहरा व दूरचा डोंगर एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट ठेवता येतो. त्या बदल्यात फिल्मचे कण अधिक ठळक दिसतात. ही रुंद चौकट जुन्या चौकोनी दूरचित्रवाणी संचावर पूर्ण उंचीने बसवायची, तर चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग छाटावा लागतो. दफनभूमीच्या वर्तुळाकार अंगणात तीन बंदूकबाज तीन कोपऱ्यांना उभे राहतात, त्या दृश्याचा अर्थच तिघे एकाच वेळी दिसण्यात आहे; छाटलेल्या चित्रात दोघेच मावत आणि तिसऱ्याला दाखवण्यासाठी चौकट कृत्रिमपणे सरकवावी लागे. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून संपूर्ण रुंदी दाखवणाऱ्या लेझरडिस्क आल्या, तेव्हा कॅसेटवर हा चित्रपट पाहिलेल्यांना त्यातील रचना पहिल्यांदाच नीट कळली.

पन्नास हर्ट्झची वीज वापरणाऱ्या देशांत, म्हणजे बहुतेक युरोपात आणि भारतातही, पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या कॅसेटमुळे आणखी एक फरक पडत असे. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींच्या वेगाने धावत असल्याने १६१ मिनिटांची इंग्रजी आवृत्ती सुमारे साडेसहा मिनिटे लवकर संपे आणि संगीताची पट्टीही किंचित चढे. या चित्रपटात ती बाब क्षुल्लक नाही. तिन्ही पात्रांना मोरिकोने यांनी एकच सुरावट दिली आहे आणि वाद्य मात्र प्रत्येकासाठी वेगळे निवडले आहे: एकाला बासरी, दुसऱ्याला ओकारिना (फुंकून वाजवायचे छोटे वाद्य), तिसऱ्याला माणसांचा आवाज. ज्या चित्रपटाची पहिली सुमारे दहा मिनिटे संवादाविना जातात, त्यात आवाजाच्या पट्टीतील फरक कानाला जाणवतोच.

लांबीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इटलीत तो जवळजवळ तीन तासांचा होता. आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी तो १६१ मिनिटांवर आणला गेला. १९९८ च्या अमेरिकी डीव्हीडीवर वगळलेले प्रसंग इटालियन संवादांसह निव्वळ पुरवणी म्हणून दिले होते. वाळवंटात तहानेने मरणाऱ्या ईस्टवुडसमोर वॉलाकचा ट्युको पाण्यात पाय धूत बसतो, तो क्रूर विनोद अनेक इंग्रजी प्रेक्षकांनी तेथे प्रथमच पाहिला. २००३ मध्ये हे प्रसंग मूळ जागी बसवून सुमारे १७९ मिनिटांची इंग्रजी आवृत्ती सिद्ध झाली आणि पुढल्या वर्षी ती डीव्हीडीवर आली. या प्रसंगांचे इंग्रजी डबिंग पूर्वी झालेलेच नसल्याने ईस्टवुड आणि वॉलाक यांनी उतारवयात आपले संवाद नव्याने बोलून दिले. १९८९ मध्ये निधन पावलेल्या व्हॅन क्लीफ यांच्यासाठी सायमन प्रेस्कॉट यांचा आवाज वापरण्यात आला. लक्ष देऊन ऐकल्यास वॉलाक यांचा घोगरा, थकलेला स्वर एका वाक्यात येतो आणि पुढच्याच दृश्यात तोच ट्युको पन्नाशीच्या जोमाने ओरडतो.

या आवृत्तीने कथेतील काही फटी बुजवल्या. छोट्या आवृत्तीत व्हॅन क्लीफचे पात्र उत्तरेच्या सैन्याच्या कैद्यांच्या छावणीत सार्जंट म्हणून एकाएकी उगवते. वाढीव प्रसंगामुळे तो तेथपर्यंत कसा पोहोचला, हे उमगते. परंतु ट्युको गुहेत जाऊन साथीदार जमवतो तो प्रसंगही तिच्यात घालण्यात आला आणि तो तर लिओने यांनी स्वतःच रोममधील पहिल्या खेळानंतर काढून टाकला होता. दिग्दर्शकाच्या हयातीत नाकारलेला तुकडा त्याच्या पश्चात ‘पुनःस्थापित’ म्हणून विकणे हे संशोधनापेक्षा व्यापाराच्या अधिक जवळ जाते. शिवाय पाच वाहिन्यांच्या नव्या ध्वनिमिश्रणात मूळचे काही गोळीबार आणि स्फोट बदलण्यात आले. लिओने यांच्या बंदुकांचा अतिशयोक्त कडकडाट हा त्यांच्या शैलीचाच भाग असल्याने मूळ मोनो (एकाच वाहिनीच्या) ध्वनिपट्टीची मागणी तेव्हापासून जोर धरू लागली.

पुढचा वाद रंगाचा. बोलोन्या येथील ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेने केलेल्या ४के पुनरुद्धारावर आधारित ब्लू-रे २०१४ मध्ये आली. कण आणि बारकावे तिच्यात विलक्षण उजळले होते, पण सबंध चित्रावर पिवळसर झाक होती आणि आकाशाचा निळेपणा हरवला होता. ‘किनो लॉर्बर’ या अमेरिकी कंपनीने २०१७ मध्ये चित्रगृहीय आवृत्तीतील हा पिवळेपणा कमी केला. (भारतीय वाचकांना ही प्रयोगशाळा दुसऱ्या एका कामामुळे ठाऊक असेल: मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘शोले’चा पुनरुद्धार तेथेच करवून घेतला आणि मूळ शेवटासह तो २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला. लिओने यांच्या वेस्टर्नपटांची ‘शोले’वरील छाप सर्वपरिचित आहे.)

पुन्हापुन्हा पाहण्याची सोय ही या आवृत्त्यांची खरी देणगी होय. सैल, प्रसंगाप्रसंगांनी पुढे सरकणारी रचना असल्याने चित्रपट कोठूनही सुरू करता येतो. बंदुकीच्या दुकानात ट्युको अनेक पिस्तुले मोडून त्यांच्या भागांतून आपल्या पसंतीचे एक जुळवतो, तो प्रसंग थांबवत पाहिला की त्याच्या हातातील काडतुसे धातूची असल्याचे दिसते. अशा काडतुसांसाठी बदलून घेतलेली कोल्ट पिस्तुले युद्धानंतरच्या काळातील आहेत. अंतिम सामन्यात निनो बाराल्यी आणि युजेनिओ आलाबिसो यांचे संकलन डोळे, बोटे आणि पिस्तुलांच्या मुठी यांची चित्रे अधिकाधिक आखूड करत नेते. ही गती संगीताशी कशी बांधली आहे, हे चौकट-चौकट पुढे नेल्याशिवाय पुरते कळत नाही.

चाहत्यांची ही सवय पडद्याबाहेरही पोहोचली. गवत-मातीखाली गेलेली सॅड हिलची दफनभूमी २०१५ पासून स्वयंसेवकांनी खणून मोकळी केली. देणगीदारांची नावे तेथील क्रुसांवर लिहिण्यात आली आणि २०१७ मध्ये या कामावर एक माहितीपटही निघाला. किनो लॉर्बरने २०२१ मध्ये काढलेल्या ४के डिस्कवर तीन तासांची नव्हे, तर १६१ मिनिटांचीच आवृत्ती आहे आणि तिला मोनो ध्वनिपट्टीची जोड आहे. वाढीव आवृत्ती त्याच संचातील साध्या ब्लू-रेवर दिलेली आहे.