दिबांचा शब्द: विमानतळाच्या नावामागचा इतिहास

२४ जून २०२१ रोजी हजारो प्रकल्पग्रस्तांनी बेलापूरच्या सिडको भवनावर, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या मुख्यालयावर, धडक दिली. नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचेच नाव द्या, ही मागणी होती. दिबांना जाऊन त्या दिवशी बरोबर आठ वर्षे झाली होती. ना पद, ना सत्ता, आणि माणूसही हयात नाही; तरी कोरोनाच्या काळात गावेच्या गावे रस्त्यावर उतरली. याचे मूळ १९७० मध्ये आहे.

त्या वर्षी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. इथले आगरी, कोळी, कराडी लोक भातशेती, मिठागरे आणि खाडीतल्या मासळीवर जगणारे. नोटिशीची भाषा त्यांना परकी होती. दिबा वकील होते, पनवेलचे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) आमदार होते, पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेतेही झाले. पण लोकांच्या लेखी ते आधी उरण तालुक्यातल्या जासई गावचे होते. सातबारा वाचता येणारा आपल्यातलाच माणूस, हा विश्वासाचा पहिला धागा. निवडणुकीच्या सभांनी तो विणता आला नसता.

जानेवारी १९८४ मध्ये तो कसाला लागला. योग्य मोबदल्यासाठी दिबांच्या नेतृत्वाखाली पेटलेल्या आंदोलनावर १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांनी गोळीबार केला आणि उरण तालुक्यातले पाच शेतकरी हुतात्मा झाले. आपल्या हाकेला ओ देऊन आलेली माणसे मारली गेल्यावर कोणत्याही नेत्यापुढे कठीण प्रश्न उभा राहतो. ज्यांच्या घरातले माणूस गेले, तेही आपल्याला दोष देतील का? उत्तर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या. कुलाबा (आताचा रायगड) मतदारसंघातून मात्र दिबा लोकसभेवर गेले. माझ्या मते नवी मुंबईच्या इतिहासातले हे सर्वांत बोलके मतदान आहे.

दिबांनी लढा नुसत्या रकमेवर थांबू दिला नाही, याला मी त्यांच्या नेतृत्वाचा गाभा मानतो. मोबदल्याचा पैसा लग्नकार्यात, घरदुरुस्तीत, आजारपणात संपतो. जमीन देणाऱ्याला शहरातच वाटा हवा, हा त्यांचा आग्रह. त्यातून १९९० मध्ये साडेबारा टक्के योजना आली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. सार्वजनिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होऊन हाती पडतात ८.७५ टक्के. ही वजावट गावागावांत अजून सलते आणि सलणे रास्तच आहे. तरीही विमानतळाच्या गावांना पुढे साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज मिळाले, ते याच पायावर. ज्या पिढीने आंदोलन पाहिलेच नाही, तिच्या नावावर आज त्यातले भूखंड आहेत. २०२१ च्या मोर्चात ती पिढीही होती.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. जासई आणि पागोटे येथे हुतात्म्यांचा स्मृतिदिन मात्र दर जानेवारीत पाळला जातो, आणि तिथे पाचही जणांची नावे घेतली जातात.