छिंगहाव आणि दोन ऑक्सिजन अणू

हिवतापाचे औषध चिनी वैद्यांना सोळाशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते, असे विधान 2015 मध्ये चिनी संशोधक तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून वारंवार केले जाते. ते अर्धेच खरे आहे. चौथ्या शतकातील ग हाँग यांनी तातडीच्या उपचारांवरील आपल्या ग्रंथात, मूठभर छिंगहाव (एक औषधी वनस्पती) पाण्यात भिजवून पिळावे आणि तो रस प्यावा, एवढेच लिहिले होते. चिनी वैद्यकग्रंथ शेजारी देशांत लवकर पोहोचले. जपानमध्ये 984 साली तांबा यासुयोरी यांनी संकलित केलेल्या ‘इशिन्पो’मध्येही ग हाँग यांचे उतारे आढळतात. तिच्यातील औषधी रेणू, म्हणजे आर्टेमिसिनिन, मात्र त्या वाटेने कोठेही ओळखला गेला नाही.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 1967 मध्ये, चीनने हिवतापावरील गुप्त संशोधन हाती घेतले. छिंगहावच्या अर्काचे परिणाम बेभरवशाचे येत असताना ग हाँग यांची ती ओळ वाचून तू यूयू यांनी तर्क केला, की उष्णतेने गुण नष्ट होत असावा. त्यांनी अर्क काढण्यासाठी सुमारे 35 अंश सेल्सिअसला उकळणारे ईथर हे द्रावक वापरले आणि 1971 मध्ये तो अर्क उंदरांमधील हिवतापावर पूर्णपणे प्रभावी ठरला.

या अर्कातील आर्टेमिसिनिनच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना थेट जोडलेले असतात. हा पेरॉक्साइड बंध कमकुवत असतो. तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी हिमोग्लोबिन पचवतो, तेव्हा त्यातील लोहयुक्त हीम मोकळे होते. हे लोह तो बंध तोडते आणि त्यातून निर्माण झालेले अतिक्रियाशील मुक्तमूलक परजीवीच्या प्रथिनांना व हीमला चिकटून त्यांचे कार्य बिघडवतात. निरोगी पेशीत हीम हिमोग्लोबिनमध्येच बांधलेले असल्याने ती बरीचशी सुरक्षित राहते. परजीवीची भूकच येथे त्याच्या मुळावर येते. आग्नेय आशियातील, या औषधाला दाद न देणाऱ्या प्रतिरोधक परजीवींनी नेमकी यावरच तोड काढली आहे: केल्च-13 या जनुकातील बदलांमुळे ते सुरुवातीच्या अवस्थेत हिमोग्लोबिन कमी गिळतात, साहजिकच औषध जागे करणारे हीमही कमी मोकळे होते.

म्हणूनच या वनस्पतीचा ‘नैसर्गिक’ चहा पिऊन हिवताप बरा करण्याचा प्रचार धोकादायक आहे. आर्टेमिसिनिन पाण्यात फारसे विरघळत नाही, मात्रा अनिश्चित राहते आणि अपुऱ्या मात्रेत प्रतिरोधक परजीवी तगून राहतात. जागतिक आरोग्य संघटनाही अशा वापराला पाठिंबा देत नाही.

चीनबाहेर हे ज्ञान प्रामुख्याने 1979 च्या इंग्रजी शोधनिबंधामुळे आणि 1981 मध्ये बीजिंगला झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीमुळे पोहोचले. रेणूची रचना, मात्रा आणि रुग्णांवरील निष्कर्ष हाती आल्यामुळे इतर देशांतील प्रयोगशाळांना ते तपासता आले. गडचिरोलीतील फाल्सिपेरम या गंभीर प्रकारच्या हिवतापाच्या रुग्णालाही आज याच कुळातील औषध दिले जाते; मात्र ते शरीरातून काही तासांतच निघून जात असल्याने त्याच्या जोडीला अधिक काळ टिकणारे दुसरे औषध द्यावे लागते.